मदत हवी आहे: क्लिक अभिक्रियेनंतर शेजारच्या सोन्याच्या पट्टीवरही फेरोसीन चढतंय

सोनपट्टी:
काचेवर ५ नॅनोमीटर टायटॅनियम, त्यावर १०० नॅनोमीटर सोनं, आणि त्यातून कोरलेल्या दोन समांतर पट्ट्या अ आणि ब. प्रत्येकीची रुंदी १० मायक्रोमीटर, उघडी लांबी २ मिलिमीटर, मधली फट १० मायक्रोमीटर. जोडरेषा एसयू-८ (प्रकाशाने घट्ट होणारा पॉलिमर) खाली झाकलेल्या. दोन्हींवर ॲझाइडोअनडेकेनथायॉल आणि डेकेनथायॉल यांचा मिश्र मोनोलेयर (एका रेणूच्या जाडीचा थर) आहे (इथेनॉलमध्ये एकूण १ मिलिमोलर, रात्रभर).

फक्त अ वर इथिनाइलफेरोसीन क्लिकने जोडायचं आहे, म्हणजे त्याचा अल्काइन गट थरातल्या ॲझाइडला; त्यासाठी कॉपर(एक) उत्प्रेरक लागतं. द्रावण: डीएमएसओ-पाणी ३:१, ०.१ मोलर लिथियम परक्लोरेट, ५० मायक्रोमोलर कॉपर(दोन)-टीबीटीए (टीबीटीए हा तांब्याला धरून ठेवणारा लिगँड), २० मायक्रोमोलर इथिनाइलफेरोसीन. अ ला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.३ व्होल्ट, १० मिनिटं, म्हणजे तिथे कॉपर(दोन) चं कॉपर(एक) होईल. ब मोकळी सोडलेली, कशालाच जोडलेली नाही.

धुऊन परक्लोरेटमध्ये व्होल्टामोग्राम (पोटेन्शियल सरकवत मोजलेल्या प्रवाहाचा आलेख) घेतला तर अ वर सुमारे १०० पिकोमोल प्रति चौरस सेंटिमीटर, आणि ब वर ३५! अ चं पोटेन्शियल कमी करून किंवा वेळ घटवून हे थांबेल का?

द्विथर:
थांबणार नाही. वेळ घटवली तर दोन्हीकडचं फेरोसीन सारख्याच प्रमाणात घटेल. हिशोब करून बघा: तांब्याच्या संकुलाचा विसरण गुणांक ५ गुणिले १० चा उणे ६ वा घात चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद धरला, तर १० मायक्रोमीटर ओलांडायला जेमतेम ०.१ सेकंद लागतो. तुमची अभिक्रिया ६०० सेकंद चालते. अ वर तयार झालेलं कॉपर(एक) ब पर्यंत पोचणारच, आणि मोकळ्या ब वर त्याला अडवणारं काही नाही.

म्हणून ब मोकळी सोडू नका. बायपोटेन्शिओस्टॅट (दोन इलेक्ट्रोडची पोटेन्शियल वेगवेगळी धरणारं उपकरण) घ्या आणि ब ला धन बाजूला धरून तिथे पोचणारं कॉपर(एक) पुन्हा कॉपर(दोन) करा. निवड खरी इथेच ठरते. अ ला चालू करणं हा सोपा भाग.

ब चं पोटेन्शियल अंदाजाने लावू नका. तोच मोनोलेयर असलेल्या मोठ्या सोन्याच्या डिस्कवर आधी संकुलाचा आणि मग इथिनाइलफेरोसीनचा व्होल्टामोग्राम घ्या. ब चं पोटेन्शियल तांबं आणि फेरोसीन या दोन रेडॉक्स जोड्यांच्या मध्ये हवं. फेरोसीनच्या वर गेलात तर ब वर फेरोसीनियम (फेरोसीनचं ऑक्सिडाइज झालेलं रूप) बनेल, ते अ कडे जाऊन तिथलं कॉपर(एक) खाऊन टाकेल. क्रमही पाळा: आधी ब चालू, मग अ. शेवटी अ ला पण मिनिटभर ब च्याच पोटेन्शियलवर आणा, मगच द्रावण काढा. आणि द्रावणात ॲस्कॉर्बेट चुकूनही नको. त्याने सगळीकडेच कॉपर(एक) होतं.

ओहमकर:
त्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, कोरड्या चिपवर अ-ब मधला रोध. काही मेगाओहम दिसले तर फटीत टायटॅनियम राहिलं असण्याची शक्यता आहे, आणि मग अ-ब मध्ये गळती होते. दोन, संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड असेल तर टोकाच्या सच्छिद्र भागात पोटॅशियम परक्लोरेटचा साका बसतो आणि पोटेन्शियल सरकत राहतं. ३ मोलर सोडियम क्लोराइड भरा.

ब वरचं ३५ सगळं जोडलेलंच आहे याची खात्री आहे का? तांबं न घालता तेच द्रावण १० मिनिटं ठेवून बघा. इथिनाइलफेरोसीन तेलकट थरात नुसतंही शिरून बसतं. इथेनॉलने नीट धुतल्यावर ते निघायला हवं.

मोजमापाबद्दल: तुमच्या पट्टीचं क्षेत्रफळ २ गुणिले १० चा उणे ४ था घात चौरस सेंटिमीटर, म्हणजे १०० पिकोमोलला जेमतेम १.९ नॅनोकूलम. १ व्होल्ट प्रति सेकंदाला आदर्श शिखर सुमारे १९ नॅनोॲम्पिअर. मोनोलेयरचा धारक (कपॅसिटिव्ह) प्रवाह त्यापुढे नगण्य, अर्ध्या नॅनोॲम्पिअरच्या आसपास. पार्श्वभूमी याहून खूप जास्त दिसली तर एसयू-८ कडेने सुटलाय आणि द्रावण खाली शिरतंय असं समजा.

सोनपट्टी:
रोध शेकडो मेगाओहम आहे. तांब्याविना काहीच बसत नाही. ब ला अधिक ०.२५ व्होल्टवर धरलं: आता ब वर ६, पण अ वरही ६० वर आलं. अ ला उणे ०.५ पर्यंत नेऊ का?

द्विथर:
नका नेऊ. मोनोलेयरला बारीक छिद्रं असतात. तिथे तांबं धातू होऊन बसतं आणि नंतर धन बाजूला अरुंद, टोकदार विरघळण्याचं शिखर देतं. ते फेरोसीनच्या खात्यात जमा होऊ शकतं. शंका असेल तर १० मिलिमोलर ईडीटीएने (तांब्याचे आयन पकडणारं रसायन) धुवा आणि स्कॅनचा वेग बदला: पृष्ठभागावरच्या फेरोसीनचं शिखर वेगाच्या सम प्रमाणात वाढतं आणि प्रत्येक स्कॅनला तसंच राहतं, तांब्याचं पहिल्या स्कॅननंतर मावळतं.

अ वरची घट अपेक्षितच आहे, ब शेजारचं कॉपर(एक) ओढून घेते. पोटेन्शियल तेच ठेवून वेळ २०-२५ मिनिटं करा. मात्र चालू असताना ब चा प्रवाह बघत राहा. तो जवळजवळ शून्य असेल तर ब वरचा थर इलेक्ट्रॉन जाऊ देत नाही, म्हणजे कॉपर(एक) तिथे पोचूनही तसंच राहतंय.

ओहमकर:
तसं निघालं तर डेकेनथायॉलऐवजी ऑक्टेनथायॉल वापरून बघा. साखळीतल्या दर मेथिलीनमागे (एका CH₂ मागे) इलेक्ट्रॉन-वहनाचा वेग साधारण तिपटीने बदलतो, त्यामुळे दोन कार्बन कमी झाले तरी फरक पडतो. नवीन मास्क काढणार असाल तर अ आणि ब च्या मध्ये ३-४ मायक्रोमीटरची तिसरी पट्टी टाका. मोनोलेयर बसल्यावर फक्त तिच्यावरचा थर ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उणे १.२ व्होल्टला दोन मिनिटं धरून उतरवा, अ आणि ब जोडू नका. मग अभिक्रियेच्या वेळी तिला ब च्याच पोटेन्शियलवर ठेवा. उघडं सोनं कॉपर(एक) मोनोलेयरपेक्षा कितीतरी पटाईतपणे पकडतं.