जुनी रिव्हॉल्व्हर्स लिलावात घेताना आपण पैसे कशाचे मोजतो?

गंजका घोडा:
जून 2019 मध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात लफोशे या फ्रेंच जातीचं एक 7 मिमीचं रिव्हॉल्व्हर 1,62,500 युरोला गेलं. अंदाज होता 40 ते 60 हजारांचा. वस्तू म्हणाल तर गंजाने पार खाऊन टाकलेली. पण ती 1960 च्या दशकात पॅरिसजवळच्या ओव्हेर-सुर-वाझ गावातल्या एका शेतात सापडली होती, आणि 1890 मध्ये चित्रकार व्हॅन गॉगने त्याच गावाजवळ स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. हे 'तेच' आहे असा थेट पुरावा नाही, 'तेच असावं' एवढंच.

आता 1857 चं स्मिथ अँड वेसनचं पहिलं मॉडेल बघा. खिशात मावणारं, सात गोळ्यांचं, .22 इंची गोळीचं. आरपार भोकांचं फिरतं सिलिंडर आणि त्यात मागून सरकवायचं धातूचं काडतूस! त्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइटकडे होतं आणि कंपनी त्याला प्रत्येक नगामागे 25 सेंट देत असे. 1869 पर्यंत अमेरिकेत बाकीच्यांचे हात बांधलेले. मग कुणी पुढून भरायचं काडतूस काढलं, कुणी बुडाला बोंडी असलेलं. कायद्याला वळसा घालायला केलेली ही कारागिरी मला कुठल्याही मृत्यूपेक्षा जास्त मोलाची वाटते. बाजार मात्र रक्ताच्या डागाला भाव देतो. माझ्या मते हा छंद त्यानेच नासवलाय.

बखरवाला:
साफ अमान्य. माणूस वगळला तर हातात उरतं ते लोखंड. शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरने बिली द किड या कुख्यात गुंडाला मारलं, ते 2021 मध्ये 60 लाख डॉलरच्या वर गेलं. कारण त्याची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याची कागदपत्रं आहेत. 10 जुलै 1873 ला ब्रसेल्समध्ये फ्रेंच कवी व्हर्लेनने कवी रँबोवर गोळी झाडली, ते रिव्हॉल्व्हर 2016 मध्ये 4,34,500 युरोला विकलं गेलं. तेही लफोशेच, 7 मिमीचंच. त्या जातीची रिव्हॉल्व्हर्स तेव्हा युरोपभर खपत होती, त्यातलं हे एक वेगळं का, ते तुमचं यंत्रशास्त्र सांगणार नाही. व्हॅन गॉगच्या बाबतीत पुरावा लंगडा आहे, मान्य. पण एका लंगड्या पुराव्यासाठी सगळ्या कहाण्या का मोडीत काढायच्या?

स्पष्टच बोलते:
तुम्ही दोघं एकाच दुकानातली गिऱ्हाइकं आहात. खिशातली पिस्तुलं बनलीच मुळी समोरच्याला कळायच्या आत गोळी घालायला. लिंकनवर झाडलेलं डेरिंजर, म्हणजे छोटं खिशातलं पिस्तूल, वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरच्या संग्रहालयात आहे, तिथेच शोभतं. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात तीच वस्तू शेखी मिरवायचं साधन होते.

आणि 'जुनं म्हणजे निरुपद्रवी' हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये काडतूस सरकारच्या कालबाह्य काडतुसांच्या यादीत असलं की जुनं हत्यार शोभेची वस्तू म्हणून ठेवता येतं. 2021 मध्ये त्या यादीतून सात कॅलिबर, म्हणजे काडतुसांची मापं, काढून टाकावी लागली, कारण तसली हत्यारं गुन्ह्यांत सापडत होती. त्यात .320 आणि .442 आहेत, म्हणजे तुमची लाडकी खिशातली रिव्हॉल्व्हर्सच. 2017 मध्ये तिथल्या एका परवानाधारक व्यापाऱ्याला असल्या हत्यारांसाठी काडतुसं बनवून पुरवल्याबद्दल 30 वर्षांची शिक्षा झाली.

गंजका घोडा:
संग्रहालयात शोभतं म्हणता, पण संग्रहालयात ते आलं कुठून? लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयातली शस्त्रं-चिलखतं आधी खासगी हौशी लोकांनीच जमवली होती.

बखरवाल्यांना एवढंच सांगतो, कहाणी खोटी रचता येते, पोलाद तितक्या सहज खोटं बोलत नाही. कोल्टचं 1849 चं पॉकेट मॉडेल घ्या. तीन लाखांवर नग बनले, दुर्मीळ मुळीच नाही. त्याच्या सिलिंडरवर घोडागाडी लुटण्याचं दृश्य दाबून उमटवलेलं असतं. ते खिशात घासून घासून पुसट होतं. आता नळीवर काळा-निळा मुलामा झळझळीत आणि दृश्य मात्र जवळजवळ गेलेलं, असं दिसलं की समजायचं, कुणीतरी नंतर पॉलिश मारलंय. अक्षरांच्या कडा गोलावल्या असतील, मुलाम्याखाली गंजाचे खड्डे असतील तर शंकाच नको. नळी, चौकट, सिलिंडर यांवरचे अनुक्रमांक जुळतात का ते बघायचं. जुळले नाहीत तर दोन-तीन मोडक्यांचं मिळून एक केलेलं. कॅटलॉगमध्ये यावर 'वयानुरूप स्थिती' एवढंच लिहिलेलं असतं, वा रे शब्द!

तिसरी घंटा:
वाद छान चाललाय, पण नवख्यांनो, हातोडा पडतो तो भाव शेवटचा नसतो. त्यावर खरेदीदाराचं कमिशन बसतं, बऱ्याच ठिकाणी पाव हिस्सा. कर आणि वाहतूक वेगळी. आणि अमेरिकेत 1898 किंवा त्याआधी बनलेलं हत्यार केंद्रीय कायद्याने 'प्राचीन' ठरतं म्हणून सगळीकडे ठरेल असं समजू नका. बोली लावायच्या आधी आपल्याकडचा कायदा वाचा, नंतर नाही.

बखरवाला:
घोडेराव, कहाणी रचता येते तसे अनुक्रमांकही ठोकता येतात. नवा ठोकलेला आकडा भिंगाखाली ओळखून तो नग सोडून देणारे तुम्हीच ना? कागदाची तपासणीही तशीच असते. जुनी विक्रीची नोंद, कोर्टाचा दस्त, आधीच्या लिलावाचा कॅटलॉग. आळस करणारा दोन्हीकडे फसतो.

स्पष्टच बोलते:
माझ्या मुद्द्याला कुणी हात लावलाच नाही. वॉलेसचा संग्रह शेवटी लोकांना मिळाला, कारण मालकिणीने तो 1897 मध्ये देशाला देऊन टाकला. तुमच्यापैकी किती जणांनी मृत्युपत्रात तसं लिहिलंय? आणि 1849 च्या ज्या कोल्टचं इतकं रसभरीत वर्णन केलंत, त्याला काडतूसच लागत नाही. बंदुकीची सुटी दारू, शिशाची गोळी, ठिणगी पाडणारी टोपी, झालं. कालबाह्य काडतुसांच्या यादीत ते कुठे बसवणार, सांगा.

गंजका घोडा:
मृत्युपत्राचं बोललात ते बरोबर, माझ्या यादीत अजून तरी फक्त मुलाचं नाव आहे. कोल्टचं म्हणाल तर, हो, ते कुलपात ठेवावं, आणि कायद्याने तशी सक्ती केली तर माझी हरकत नाही. पण 'विकूच नका' हे मला पटत नाही.

स्पष्टच बोलते:
'विकूच नका' असं मी म्हटलंय कुठे? कपाटाला काच नको, एवढंच.