मदत हवी आहे: बाबांच्या डीटीपीच्या पीसीवर विंडोज ११ जात नाही, काय करू?

नमस्कार मंडळी,

बाबांचं गावी डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स वगैरे. पीसी २०१६ चा, इंटेलचा आय५-६५०० (सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर), ८ जीबी रॅम, दोन वर्षांपूर्वी मी एसएसडी टाकून दिली तेव्हापासून मस्त पळतोय. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ हा प्रोसेसर घेतच नाही. आधी वाटलं टीपीएममुळे (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) अडतंय, म्हणून बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन पीटीटी, म्हणजे इंटेलचं आतलंच टीपीएम, चालू केलं, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती ती नव्या जीपीटीची केली, सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) लावलं, एवढं सगळं करून परत चेक केलं तर टीपीएम २.० ला हिरवी टिक आणि प्रोसेसरपुढे लाल फुली तशीच. इंटेलची आठवी जनरेशन लागते, सातवीतले अगदी मोजके चालतात, सहावी नाहीच. ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे तेव्हा आमचा पीसी जेमतेम पाच वर्षांचा होता, याचं खरंच वाईट वाटतं.

पीसीवाला म्हणतो काढून टाका, नवीन घ्या. पैशाचं बघता येईल एक वेळ, पण बाबांचं सगळं काम जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी आजची मराठी अक्षरं) नसलेल्या फॉन्टवर आहे, त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबीला लावायची की (लायसन्सची किल्ली) लागते आणि ते देणाऱ्याने धंदा कधीच बंद केला. परवा २०१७ ची एक पत्रिका माझ्या लॅपटॉपवर उघडली तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे तुकडे! अशा हजारभर फायली आहेत, गिऱ्हाईक येऊन सांगतं थोरल्याची होती तशीच धाकट्याची करा. आणि बाबांची बोटं त्याच कीबोर्डवर बसलीत, वय ६४, आता नवीन लेआउट शिका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सध्या ईएसयूला (सपोर्ट संपल्यावरही सुरक्षेचे अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नाव नोंदवलंय, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की फुकट मिळतं, पण ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. पुढचं काय ते विचारतोय.

रजिस्ट्रीत बदल करून ११ जबरदस्तीने टाकता येतं हे वाचलंय, आणि २४एच२ ला (११ ची २०२४ ची आवृत्ती) लागणारी पॉपसीएनटी ही सूचना या प्रोसेसरला कळते त्यामुळे बूट होईल (त्याहून जुन्या कोअर टू ड्युओवाल्यांचं तिथेच अडतं), पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. भर लग्नसराईत मशीन बसलं तर बाबा कुणाला तोंड देणार? म्हणून मनात असं आहे की लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकायचं, व्हॉट्सअॅप वेब आणि बँकेचं काम त्यात, आणि कोरल (बाबांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका सिस्टीमच्या आत दुसरी चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज १० नेट बंद करून ठेवायचं, फक्त छपाईच्या कामापुरतं.

हे कुणी प्रत्यक्ष केलंय का? ती यूएसबीची की व्हर्च्युअलबॉक्सच्या आत ओळखली जाते का? ८ जीबीत भागेल की रॅम वाढवू? आणि जुन्या फॉन्टच्या फायली युनिकोडमध्ये करताना जोडाक्षरं आणि रफार नीट येतात का, की प्रत्येक पत्रिका परत वाचायला लागते? पत्रिकेत नावं चुकली तर फार वाईट होतं हो.

शनिवारी गावी जातोय, सगळ्या डेटाची कॉपी घ्यायला हार्ड डिस्क सोबत नेतोय. त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर खूप उपकार होतील.