नळ सोडून हाताने भांडी धुण्यापेक्षा डिशवॉशर बरा, माझं मत बदललंय

परवा सिंकमधे नळाखाली बादली ठेवली, भांडी धुताना नेहमी जेवढा नळ सोडते तेवढाच सोडला आणि एक मिनिट लावलं. ७ लिटर! आणि माझा नळ सहज १५ मिनिटं चालू असतो, म्हणजे एका वेळच्या भांड्यांना १०० लिटरच्या वर पाणी, आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की मशीनला पाणी फार लागतं म्हणून हाताने धुवा. हल्लीची मोठी मशीन इको प्रोग्रामला पूर्ण भरून लावली तर साधारण १० ते १२ लिटरमधे काम होतं. मला तरी आता हाताने धुण्याची बाजू घेता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १
ताई, आकडे बरोबर आहेत पण तुलना पटली नाही. हा दोष उघड्या नळाचा आहे, हातांचा नाही. मी दोन टब ठेवतो, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, नळ बंद. २०२० मधे मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी हेच तपासलं होतं, त्यात कार्बन उत्सर्जन सगळ्यात कमी या दोन टबांच्या पद्धतीचं निघालं, नीट वापरलेल्या मशीनपेक्षाही कमी. सगळ्यात वाईट म्हणजे नळ सोडून धुणं. शिवाय गार पाण्याने धुतलं तर वीज लागतच नाही, मशीन पाणी तापवणारच.

प्रतिसाद २
गार पाण्याने धुता म्हणून असं म्हणताय दादा. जिथे थंडी असते तिथे गीझरचंच पाणी घेतात. नळाखाली ५० लिटर पाणी गेलं आणि ते २० अंशावरून फक्त ४० वर नेलं तरी १ युनिटच्या वर वीज जाते, साधं गणित आहे, कुणीही करून बघा. तेवढ्यात मशीनचा अख्खा इको प्रोग्राम होतो. आणि पाइपातलं गार पाणी जाऊन गरम यायची वाट बघतो तेव्हा जे वाहून जातं ते वेगळंच.

प्रतिसाद ३
मशीनवाल्यांनाही सांगायचंय. आमच्याकडे आधी प्रत्येक ताट नळाखाली विसळायचं मग मशीनमधे लावायचं असं चालायचं, म्हणजे पाणी दोनदा! खरकटं चमच्याने काढून टाका, बस. डिटर्जंटमधली एन्झाइम्स चिकटलेलं अन्न सोडवायलाच असतात. इको ३ तासांच्या वर चालतो म्हणून लोक घाबरून क्विक लावतात, पण वीज मुख्यतः पाणी तापवायला जाते, पंप फिरायला थोडीच लागते, इको कमी तापवतो म्हणून वेळ जास्त घेतो. अर्धी भरलेली मशीन तर लावूच नका, आणि झाल्यावर दार उघडून ठेवा, भांडी आपोआप वाळतात.

धागाकर्ती
प्रतिसाद १ चं वाचून आज दोन टबांनी धुतली. मोजून १८ लिटर!! ग्लास, वाट्या छान निघाल्या पण तेलकट कढई बुडवली आणि साबणाच्या पाण्यावर तवंग आला, मग त्यातून काढलेली प्रत्येक ताटली हाताला बुळबुळीत लागायला लागली, शेवटी पाणी बदललं, ते १८ मधेच धरलंय. नळाची सवय चूक होती हे मान्य. पण भरपूर माणसांच्या घरात रोज दोन वेळा हे जमणार का? तिथे मी अजूनही मशीनच म्हणेन.

प्रतिसाद १
कढई मधेच घातलीत म्हणून झालं. आधी ग्लास, मग ताटं-वाट्या, तेलकट सगळ्यात शेवटी. कढई टबात घालायचीच नाही, रद्दी कागदाने पुसून घ्यायची आणि टबातलं उरलेलं साबणाचं पाणी तिच्यात ओतून बाजूला ठेवायची, बाकीचं आवरेपर्यंत सुटते. मोठ्या घराचं तुमचं म्हणणं बरोबर असेल, आमच्याकडे चारच माणसं.