घरात पाच दुचाक्या, इन्शुरन्स कसा बसवायचा?

रोडकिंग_शाहूपुरी

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊनच बसा.

मी कोल्हापूरचा. घरात माणसं चार आणि दुचाक्या पाच. आई म्हणते, एवढ्या म्हशी पाळल्या असत्यास तर निदान दूध तरी मिळालं असतं. तिचं चुकत नाही, पण आमचाही इलाज नाही.

गाड्या अशा: येझदी रोडकिंग, १९८९ ची, आण्णांची. महिन्यातनं एखाद्या रविवारी रंकाळ्याला एक चक्कर, बाकी वेळ चादरीखाली. आरएक्स १००, १९९४ ची. बुलेट ३५०, २०१५ ची, गावाकडं नाहीतर गगनबावड्याला जायला. पल्सर १५०, २०१९ ची, ही रोज गोकुळ शिरगावला एमआयडीसीत नेते-आणते. आणि ॲक्टिव्हा, २०२३ ची, बायकोच्या नावावर. तिचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी (म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) शोरूमनंच लावून दिलाय, तो २०२८ पर्यंत आहे. म्हणजे डोक्याला ताप पहिल्या चारांचाच.

चारांच्या तारखा चार महिन्यांत पसरल्यात. एक रिन्यू केली की दुसरीचा मेसेज येतो. म्हणून यंदा एका एजंटाला म्हटलं, सगळ्या एकदम घे आणि काहीतरी कमी कर. घाऊक गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर सूट मिळेल असा आपला हिशेब. त्यानं कागद दिला, एकूण ९,२०४ रुपये. त्यात प्रत्येक गाडीला मालकाचा अपघात विमा ३३० रुपये, चारही गाड्यांना फुल इन्शुरन्स (थर्ड पार्टी आणि आपल्या गाडीचं नुकसान, दोन्ही), येझदीला रस्त्यावर मदत पण. येझदी बंद पडली तर तिला रंकाळ्यावरनं ढकलत आणायला पोरं फुकट मिळतात हो!

सगळ्यांना नुसता थर्ड पार्टी घ्यावा तर २०१९ आठवतं. पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा बुलेट टाकीपर्यंत बुडाली होती. इन्शुरन्स थर्ड पार्टीच होता. अठरा हजार खिशातनं गेले. तेव्हापासून राजाराम बंधाऱ्याचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की मला झोप लागत नाही, ४३ ही तर धोक्याची.

तर विचारायचं एवढंच. एका मालकाच्या सगळ्या गाड्यांना मिळून एकच पॉलिसी मिळते का? नाही तर या ९,२०४ मधलं काय काय कापता येईल?

ता. क. मनात हिमालयनपण आहे, सेकंडहँड, ४११ सीसीची. घरात अजून बोललेलो नाही.

विमेदार_सातारा

चौदा वर्षं जनरल इन्शुरन्स विकतोय. माझ्याकडं या म्हणून लिहीत नाही, कोल्हापुरात भरपूर जण आहेत.

आधी कडू औषध. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, त्यात घाऊक-किरकोळ काही नसतं. १ जून २०२२ पासूनच्या दरांनी ७५ ते १५० सीसीला ७१४, १५० ते ३५० ला १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४. तुमची येझदी अडीचशेची, म्हणून १,३६६. आरएक्स ७१४. बुलेट ३४६ सीसी, थोडक्यात वाचली, १,३६६. पल्सर नावाला १५०, कागदावर १४९ आणि काहीतरी, म्हणून ७१४. बेरीज ४,१६०, वर १८ टक्के जीएसटी. यातला एक रुपया कुठलाही एजंट कमी करू शकत नाही. करतो म्हणाला तर पॉलिसी खरी आहे का ते आधी बघा.

आता तुमच्या चार वेळच्या ३३० कडं येऊ. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा गाडीला नसतो, माणसाला असतो. १ जानेवारी २०१९ पासून तो वेगळा काढता येतो. एका गाडीवर किंवा स्वतंत्र एकच घेतला की तुमच्या नावावरच्या बाकीच्या गाड्यांना परत घ्यायची गरज नाही. तुमची दुसरी कुठली किमान १५ लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल तर हाही नको. एजंटाला तसं लिहून द्या, निमूट काढेल. वहिनींची गाडी त्यांच्या नावावर आहे, तर त्यांचा त्यांना वेगळा घ्या, लायसन्स असेल तर.

एकच पॉलिसी म्हणाल तर २०२२ च्या जुलैत विमा नियामक आयआरडीएआयनं एका मालकाच्या गाड्यांसाठी फ्लोटरला, म्हणजे सगळ्यांना मिळून एका पॉलिसीला, परवानगी दिली. पण सवलत मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, थर्ड पार्टीत नाही. तुमच्या दोन गाड्या इतक्या जुन्या, की फ्लोटरमध्ये घ्यायला कंपनी नाकं मुरडेल. त्यापेक्षा गाडीगणिक विचार करा.

एक विचारू का? तुम्ही लिहिलंय, येझदी "आण्णांची". आरसी कुणाच्या नावावर आहे?

रोडकिंग_शाहूपुरी

आण्णांच्याच. ते जाऊन सव्वा वर्ष झालं. इन्शुरन्स मागच्या साली ऑनलाइन रिन्यू झाला, कुणी काही विचारलं नाही.

विमेदार_सातारा

मला वाटलंच. राग मानू नका, पण त्या कागदातलं येझदीचं ३३० रुपयांचं कलम गेलेल्या माणसाच्या अपघात विम्याचं आहे. एजंटानं विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही.

आणि ३३० ची गोष्ट सोडाच. मालक वारला तर पॉलिसी फार तर तीन महिने चालते, किंवा तिची मुदत आधी संपली तर तिथवर. त्या काळात वारसानं गाडी आणि पॉलिसी दोन्ही आपल्या नावावर करून घ्यायची असतात. उद्या रंकाळ्यावर कुणाला धक्का लागला तर कंपनीला अंग काढून घ्यायला तुम्ही स्वतः दार उघडून ठेवलंय. भरपाईचा दावा मग तुमच्या घरावर येईल.

आरटीओत फॉर्म ३१ लागतो. विकलेल्या गाडीचा ३० वेगळा, वारसाचा ३१. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू पीयूसी, आणि आईची व भावंडांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. उशिराचे काही पैसे पडतील, भरून टाका. ते होईपर्यंत येझदी चादरीखालीच राहू दे.

टूस्ट्रोक_नाशिक

रोडकिंग दादा, माझ्याकडं आरएक्स दोन होत्या, आता एक आहे. दुसरी चोराकडं आहे.

तिला फुल इन्शुरन्स होता. कंपनीनं आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, लावली होती १२ हजार. पाच वर्षांच्या वरच्या गाडीची किंमत दोघांनी मिळून ठरवायची असा नियम आहे, पण मी कधी तोंड उघडलंच नाही, समोर आला तो आकडा घेतला. बाजारात तसली गाडी लाखाच्या घरात जाते. १२ हजारांत तिचा सायलेन्सर आणि टाकी पण येत नाही. तर फुल इन्शुरन्स घेतलाय या समाधानात राहू नका. आकडा किती लिहिलाय ते बघा.

तुमच्यासारख्या उभ्या गाड्यांना थर्ड पार्टीवर फक्त आग आणि चोरी जोडून मिळते. हे आपणहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं. माझ्या उरलेल्या आरएक्सला मी तेच घेतलंय, फोटो आणि दुकानदाराचं किमतीचं पत्र जोडून आयडीव्ही ४० हजारांवर नेली. आणि चाकाला मनगटाएवढी साखळी. साखळीवर विश्वास जास्त.

एकट्याचा_प्रश्न

शंका आहे, हसू नका. माणूस एका वेळी एकच गाडी चालवतो. मग पाचांचा विमा कशाला? रविवारी येझदी काढायची तर शनिवारी काढावा.

विमेदार_सातारा

हसत नाही, हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. थर्ड पार्टी चालवणाऱ्याचा नाही, गाडीचा असतो. तुमचा भाचा किल्ली घेऊन गेला तरी गाडी तुमचीच. रस्त्यावर विम्याशिवाय सापडली तर पहिल्यांदा २,०००, परत सापडली तर ४,०००, कैदेचीही तरतूद आहे. आणि एका रविवारपुरती पॉलिसी मिळत नाही, वर्षाचीच घ्यावी लागते. जिचा फुल आहे तिचा ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य. ५० टक्क्यांपर्यंत चढायला पाच वर्षं लागतात.

रोडकिंग, हा बोनसही गाडीचा नसतो, मालकाचा असतो. बुलेट विकून ती हिमालयन घेतलीत तर कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या, तीन वर्षं चालतं. थर्ड पार्टी मात्र १,३६६ वरून थेट २,८०४ होईल. हे घरात सांगताना आधी सांगा, नंतर सांगू नका.

वाशिष्ठी_काठची

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारात पाणी आलं तेव्हा घरात दोन स्कूटर आणि यांची मोटरसायकल. पाणी पहिल्या मजल्याला लागलं. तिन्ही गाड्या दोन दिवस आत.

एका स्कूटरला फुल इन्शुरन्स होता, तिचे पैसे आले. ते का आले ते सांगते. आमच्या मेकॅनिकनं ओरडून सांगितलं होतं, वहिनी, किक मारू नका, सेल्फ लावू नका. चिखलासकट फोटो काढले, कंपनीला फोन केला, सर्व्हेअर येईपर्यंत हात लावला नाही. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी चालू होतेय का बघितलं, इंजिनात पाणी ओढलं गेलं, तेवढा भाग क्लेममधून कापला. इंजिनाचं वेगळं संरक्षण मिळतं, त्यांनी घेतलं नव्हतं.

तुमच्या बुलेटला आणि पल्सरला फुल घ्याच. पूरच येतो तर तिथे काटकसर करू नका. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते, ती धरून चाला.

रोडकिंग_शाहूपुरी

तीन आठवड्यांनी लिहितोय. एजंट बदलला नाही, बिचाऱ्याला बसवून चहा पाजला आणि कागद परत लिहायला लावला.

थर्ड पार्टी ४,१६०, ते हलत नाही. अपघात विमा एकच, ३३०. बुलेट आणि पल्सरला फुल, इंजिनाच्या संरक्षणासह, त्याचे आणखी १,७००. आरएक्सला आग-चोरी २१०. जीएसटी धरून साडेसात हजारांच्या थोडं वर. वाचले सोळाशे-साडेसोळाशे. ॲक्टिव्हाचा हिशेब यात नाही, तिची मालकीण वेगळी.

येझदीचे पैसे लगेच भरले नाहीत. फॉर्म ३१ दिलाय, प्रतिज्ञापत्रावर आईची सही झाली, बहीण इचलकरंजीहून येऊन सही करून गेली. आरसी माझ्या नावावर आली की पॉलिसी त्याच नावानं. तोवर दोन रविवार रंकाळा चालत झाला. चहावाला विचारत होता, गाडी विकली काय?

वाशिष्ठीताई, एक राहिलं. बोळात गाड्यांसाठी अडीच फुटांचा ओटा बांधून घ्यावा म्हणतोय. गवंडी आठ हजार मागतोय.

वाशिष्ठी_काठची

अडीच फूट? २०१९ ला टाकी बुडाली म्हणालात ना, ती जमिनीपासून किती येते ते मोजा आधी. ओट्याचे आठ हजार ठेवा. चढावर राहणारा एखादा पाहुणा बघा, ३९ झाले की चारही तिकडे. ॲक्टिव्हा शेवटी न्या, परत यायला लागेल.