मदत हवी: लग्नाचं जुनं फोटोकार्ड आहे, पण विवाहनोंद सापडत नाही

मूळकेपेकार: पणजोबांच्या पेटीत नवरा-नवरीचं फोटोकार्ड मिळालं. मागे पोर्तुगीजमध्ये 'बिल्येत पुश्ताल' म्हणजे पोस्टकार्ड असं छापलंय. राजाच्या तिकिटावर आडवा 'रिपूब्लिका' (प्रजासत्ताक) छाप, गोव्यातल्या फोंड्याचा शिक्का, साल पुसलेलं. मजकुरात फक्त 'सौ. रमा'. नवरा शंकर प्रभू. लग्न 1920 च्या आसपासचं असावं. फोंड्याच्या विवाहनोंदीच्या वह्यांत 'शंकर प्रभू' किंवा 'रमा' काहीच नाही. कुठे चुकतंय?

दप्तरखुळो: तीन ठिकाणी.

पहिलं, तालुका. शिक्का कार्ड टाकणाऱ्याचा ठिकाणा सांगतो, लग्नाचा नव्हे. नवरीच्या माहेरचा तालुका शोधून तिथली वही बघा.

दुसरं, नाव. 'रमा' बहुधा सासरी ठेवलेलं. नोंदीत माहेरचं असतं, म्हणून तिच्या नावाने शोधूच नका. तिच्या वडलांचं नाव कुळातून, सोयरिकीतून काढा आणि 'फिल्या द' म्हणजे 'ची मुलगी' या शब्दांपुढे ते येतं का, ते पाहा.

तिसरं, लिपी, आणि खरी गोची इथंच. कारकून कानाला लागेल तसं रोमीत म्हणजे रोमन लिपीत लिहायचा. 'श' साठी एक्स, म्हणून शंकर एक्सखाली. प्रभूचं 'पोरोबो', शेणवींचं 'सिनाय', कृष्णाचं 'क्रिस्न' सीखाली. सूची बहुतेक वेळा पहिल्या नावाने लागलेली असते. आडनावाखाली शोधून रिकाम्या हाती परतणारे पुष्कळ!

सापडली की साक्षीदारांची नावं आधी उतरवून घ्या. ते 'तेश्तेमुन्यश' शब्दाजवळ असतात. पुष्कळदा मामा-काकाच निघतात. नोंदीची तारीख मुहूर्ताचीच असेल, असं धरू नका.

जुनेंतिकीट: तिकिटाबद्दल. पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक 5 ऑक्टोबर 1910 ला आलं, राजाच्या शिल्लक तिकिटांवर छाप मारून ती पुढे चालवली. म्हणजे कार्ड त्यानंतर टाकलेलं. अलीकडची मर्यादा मात्र यातून मिळत नाही, आणि फोटो त्याआधीचाही असू शकतो.

तिकीट उचकटू नका, पाण्यातही घालू नका. अंधारात कार्डाच्या समोरच्या बाजूने मोबाइलची टॉर्च धरा, तिकिटाखालची छापील चौकट दिसते का बघा. तिच्यावर 'आझो' हे फोटो-कागदाचं नाव असून कोपऱ्यांतल्या चारही त्रिकोणांची टोकं वर असतील तर कागद 1904 ते 1918 चा. दोन वर दोन खाली असतील तर साधारण 1918 ते 1930 चा.

दोन्ही बाजू 600 डीपीआयला रंगीतच स्कॅन करा, काळं-पांढरं नको. पुसट शाई रंगाच्या फरकावर उमटते. कडेला निळसर चंदेरी झाक असेल तर ती फोटोतलीच चांदी वर आलेली आहे, पुसायला जाऊ नका.

मूळकेपेकार: माहेर पेडणे. तिथल्या वहीत एक्सखाली बघतो. नाहीच मिळाली तर?

दप्तरखुळो: तर पणजीचा पुराभिलेख विभाग, जुन्या वह्या तिथं मिळू शकतात. तोवर तुमच्या देवस्थानची महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार कुळांतल्या सभासदांची, नोंदवही चाळा. त्यात पुरुषांचीच नावं असतात, पण शंकरच्या वडलांचं नाव पक्कं कळेल. एकाच नावाचे दोन शंकर निघाले तर तेच नाव उपयोगी पडेल.