लिंक्डइनच्या शीर्षकाविषयी थोडी भर

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावरील आपले पान (प्रोफाइल) कसे असावे या चर्चेत चांगले छायाचित्र आणि सहकाऱ्यांच्या शिफारशी हव्यात, असे जे लिहिले गेले आहे ते पटण्यासारखेच आहे. मात्र नावाखालच्या शीर्षकाचा उल्लेख राहून गेला, म्हणून ही भर. आपण स्वतः काही लिहिले नाही, तर लिंक्डइन तेथे सध्याचे पद आणि कंपनीचे नाव घालते आणि अनेक जण ते तसेच राहू देतात. वास्तविक तेथे २२० अक्षरांची जागा असते, आणि शोधाच्या यादीत किंवा संपर्काच्या विनंतीत नावासोबत हीच ओळ दिसते. त्यामुळे ‘वरिष्ठ अभियंता’ एवढ्यावर न थांबता ‘वाहनांच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासणी’ असे कामाचे नेमके शब्द आधी यावेत (प्रत्यक्षात ते बहुधा इंग्रजीतच लिहावे लागतात, हे ओघाने आलेच), कारण भरती करणारे शोधताना असेच शब्द टाकतात. ‘उत्साही’, ‘ध्येयवेडा’ ही विशेषणे कोणी शोधत नाही. छायाचित्राभोवती नोकरीच्या शोधाचे हिरवे वर्तुळ लावताना मात्र जपावे: हे वर्तुळ सर्वांनाच दिसते. वर्तुळ न लावता नोकरीच्या शोधाची सूचना केवळ भरती करणाऱ्यांनाच दिसावी अशीही सोय आहे, परंतु ती आपल्याच कंपनीपासून पूर्णपणे लपेल याची हमी लिंक्डइनही देत नाही.