गैरहजेरीत दावा खारीज, ४० दिवस झाले. पुन्हा नंबरावर कसा येईल?

सुदामानगरकर
इंदूर जिल्हा न्यायालयात काकांचा दावा होता: प्लॉटचा सौदा झालाय, रजिस्ट्री करून मिळावी. वादीच्या साक्षीच्या पेशीला काका आणि वकील दोघेही नव्हते, समोरचे वकील हजर होते. दावा अदम पैरवीत (कोणी चालवायला हजर नाही म्हणून) खारीज झाला. काका तेव्हा दवाखान्यात भरती होते. आता नवा दावा लावायचा, अपील करायचं, की जुनाच उघडायचा? स्टे मिळालेला होता, त्याचं काय?

दिवाणी_वकील
आधी ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून त्या दिवशीची ऑर्डरशीट वाचा. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर म्हणून खारीज केला असेल, तर तो दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ९ नियम ८. मग त्याच कारणावर नवा दावा चालत नाही, आणि असा आदेश डिक्री (हक्कांचा निवाडा) नसल्याने पहिलं अपीलही नाही. नियम ९ खाली पुनर्स्थापनेचा (दावा पुन्हा उघडण्याचा) अर्ज हीच वाट. मात्र आदेश १७ नियम ३ लावून गुणदोषांवर निकाल दिला असेल, तर अपीलच करावं लागेल.

मुदत आहे ३० दिवस, खारीज झाल्याच्या तारखेपासून (मुदत कायदा, अनुच्छेद १२२). आदेशाची नकल (प्रमाणित प्रत) मिळायला लागलेले दिवस यातून वजा होत नाहीत, आणि इथेच पुष्कळ जण अडकतात. तुमचे ४० झालेत, म्हणून त्याच कायद्याच्या कलम ५ चा विलंबमाफीचा वेगळा अर्ज शपथपत्रासह जोडा. उद्याच द्या.

पलासिया_४५२
संहितेच्या कलम १५१ खाली (कोर्टाचे अंगभूत अधिकार) अर्ज केला तर मुदतीची कटकटच नाही ना?

दिवाणी_वकील
नाही. नियम ९ ची स्पष्ट तरतूद असताना १५१ ची आड घेता येत नाही.

एमजी_रोड_कोर्ट
दोन कारणं वेगवेगळी लिहा. त्या पेशीला का नव्हतात, हे एक. अर्जाला उशीर का झाला, हे दुसरं. पहिल्यासाठी डिस्चार्ज कार्ड लावा, त्यावर भरतीची तारीख पेशीशी जुळली पाहिजे. नुसतं नंतर आणलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट फार टिकत नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यापासून अर्जापर्यंतचा हिशेब दुसऱ्यात द्या.

काका भरती होते, पण वकील का नव्हते, हा प्रश्न समोरचा पक्ष विचारणारच. वकिलांचं स्वतःचं शपथपत्र घ्या. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने रफीक वि. मुन्शीलाल (१९८१) मध्ये म्हटलंय. पण पक्षकार स्वतः बेफिकीर दिसला तर तो आधार लंगडा पडतो. काकांच्या साक्षीचं शपथपत्र तयार करून सोबत ठेवा, दावा चालवायची तयारी त्यातून दिसते.

अर्ज एमजेसी (किरकोळ न्यायिक प्रकरण) म्हणून वेगळ्या नंबरावर चढतो. समोरच्याला नोटीस दिल्याशिवाय खारिजी रद्द होत नाही, तेव्हा तलवाना (नोटीस बजावणीची फी) आणि अर्जाच्या प्रती वेळेत भरा. ते राहिलं तर एमजेसीच खारीज होते.

दाव्याबरोबर स्टेही गेला. प्लॉट दुसऱ्याला विकला जाण्याची भीती असेल तर नोटिशीची वाट न बघता एमजेसीतच यथास्थितीची (प्लॉट आहे तसाच ठेवण्याची) मागणी करा. दावा उघडताना स्टे पुन्हा लागू झाल्याचं आदेशात स्पष्ट लिहून मागा. उघडताना कोर्ट बहुधा खर्च लावतं. तो दिलेल्या तारखेआधी भरून पावती दाखल करा.

दिवाणी_वकील
अर्ज फेटाळला तर आदेश ४३ नियम १(सी) खाली अपील आहे. ते जिल्हा न्यायाधीशांकडे असेल तर ३० दिवस, हायकोर्टात ९०. या अपिलात मात्र नकलेचे दिवस वजा मिळतात, म्हणून नकलेचा अर्ज आदेशाच्या दिवशीच टाका.